मृगापर्यंतची पाती

वैशाखातली पहाट होती, तरी हिंगणीच्या फडावर वाऱ्याची झुळूक नव्हती. भाकरी उतरवल्यावर तवा जसा ऊब धरून बसतो तशी जमीन रात्रभर कोमट राहिली होती. गुलाब मुन्शी अनवाणी पायांनी तेंदूपत्त्याच्या ओळींमधून चालत होता. पळसाच्या सालीच्या वाकानं बांधलेले पानांचे पुडे नदीकाठच्या मोकळ्या रानात ओळीनं सुकत पडले होते. एक पुडा उचलायचा, कानाशी नेऊन दाबायचा. कडकड वाजला तर पान वाळलं. नुसतं कुरकुरलं तर त्याला अजून ऊन पाहिजे.

मागून त्याची बायको सुलोचना वाकून एकेक पुडा उलटा करत येत होती.

"काय म्हणते पत्ता?" तिनं विचारलं.

"कुरकुरते."

"म्हंजे तुमच्या मायसारखा. वाळाले आला तरी कुरकुर सोडत नाई."

"मायले आयकू जाईन."

"जाऊ द्या. तिनंच शिकवलं मले पुडा कानाशी धराले."

गुलाबची आई खरंच याच फडावर पुडे घेऊन येत असे. तेव्हाचा मुन्शी खुर्चीवर बसून पायाच्या अंगठ्यानं पुडा उलटवायचा आणि 'फाटका' म्हणून बाजूला लोटायचा. आई तो उचलून घ्यायची, पदरानं पुसायची आणि पुन्हा रांगेत उभी राहायची. लहानपणी गुलाबनं हे पाहिलेलं होतं. आता सत्तावन्न साल चालू होतं. मागच्या दसऱ्याला गुलाब आणि मोहल्ल्यातली सगळी माणसं नागपूरला जाऊन बुद्धधम्माची दीक्षा घेऊन आली होती, आणि या उन्हाळ्यात तो स्वतःच त्या फडावर मुन्शी होता. मोहल्ल्यातला पहिलाच. खुर्ची होती, पण तो क्वचित बसायचा. पुडा हातानं घ्यायचा आणि बाईच्या तोंडाकडे पाहून सांगायचा, घेतला की नाही ते.

ही मुन्शीगिरी त्याला मिळाली ती गंमतच होती.

भंडाऱ्याकडची एक बिडी कंपनी दोन वर्षांपूर्वी इथलं जंगल एकटीनंच घेऊन बसली होती. पैसा होता, गोदाम होतं, पण कंपनीच्या माणसानं पुड्यांत इतक्या खोड्या काढल्या की बायांनी जंगलात जाणंच सोडलं. पानं झुडपावर पिकून गळली. गावात दुसरीकडे नानाजी होते. त्यांच्या ओसरीवर 'नानाजी अँड ब्रदर्स, जंगल ठेकेदार' अशी पाटी होती. त्यातल्या ब्रदर्सशी त्यांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पाटी रंगवलेली चांगली होती म्हणून ठेवली होती. नानाजींच्या शब्दावर चार गावच्या बाया पानं तोडायला निघत, बंड्या जुंपल्या जात. त्यांच्याकडे भांडवल मात्र नव्हतं. तेव्हा यंदा लिलावाला दोघं मिळून उभे राहिले. एका हंगामाची पाती, म्हणजे भागीदारी. पाडव्याला सुरू, मृग निघाला की आपोआप खलास.

"हे लगन नोहे बाप्पा, मांडव हाय," नानाजी लोकांना सांगत. "कार्य झालं का बांबू ज्याचे थ्याले वापस. पन मांडव हाय तवरी कोनी आपला बांबू उपटाचा नाई."

बांबू उपटायचा नाही एवढ्यासाठी मग नियम आले. कंपनीला वाटे नानाजी माल परस्पर विकतील, नानाजींना वाटे कंपनी चांगल्या पानाला वाईट म्हणेल. दोघंही एकमेकांना चोर समजत, आणि म्हणूनच पाती नीट चालली होती. बोरा भरून शिवायचा तर दोन्ही भागीदारांच्या प्रत्यक्ष उपस्थितीत. हा 'प्रत्यक्ष' शब्द कंपनीच्या श्रीनिवासनं घातला होता. वर्ध्याचा तरुण, भिक्षुकाघरचा, छत्रीशिवाय न फिरणारा. पानं तोडणाऱ्या बायांसमोर भागीदारांनी भांडायचं नाही, ही अट नानाजींची. जे भांडायचं ते सकाळी, बाया जंगलातून यायच्या आत. त्यामुळे रोज सकाळी फडावर मोहाखाली दोघांचं भांडण होई आणि बाया आल्या की दोघं हसत खाटेवर बसत.

मुन्शी मात्र एकच हवा होता, दोघांचा मिळून. कंपनीनं आपला माणूस सुचवला, नानाजी नाही म्हणाले. नानाजींनी भाचा पुढे केला, कंपनीनं मान हलवली. असं होत होत गुलाबचं नाव निघालं. चौथी शिकलेला, आणि दोघांपैकी कोणाचाच त्याच्यावर विशेष जीव नव्हता. त्यावर दोघांचं चटकन एकमत झालं. पण अट होती: दोघांपैकी एकाचा जरी भरवसा उडाला तरी मुन्शी बदलायचा, कारण विचारायचं नाही.

गुलाबच्या डोक्यावर ही अट दिवसभर असे. झोपेतसुद्धा तो दोन माणसांच्या मधून अंग चोरून चालावं तसा कुशीवर झोपायचा, असं सुलोचना म्हणायची.

त्या दिवशी दुपारी बाया पुडे टाकून गेल्या आणि ऊन एकदम पिवळं पडलं. गुलाबनं वर पाहिलं. बोरच्या डोंगरांमागून आभाळ चढत होतं, म्हशीच्या पाठीसारखं काळंभोर. वाळत आलेल्या पानावर पाऊस पडला की ठिपके धरतात, मग त्याची बिडी कोणी वळत नाही. आठवड्याचा सगळा माल उघड्यावर होता.

तो श्रीनिवासकडे धावत गेला. श्रीनिवास खाटेवर बसून पायातला काटा काढत होता.

"साहेब, बोरे भरून घ्या लागते. पानी येते."

श्रीनिवासनं आभाळ पाहिलं, मग पुडा हातात घेतला. "वाळलाय का पण?"

"एका उन्हाचा कमी हाय. पन भिजला तं सारंच जाते."

"भरू या मग. माझी ना नाही." आणि लगेच तो थांबला. "पण नानाजी?"

नानाजी सकाळीच पुलगावला गेले होते, बहिणीच्या मुलीची सोयरीक ठरवायला. उद्याशिवाय येणार नव्हते.

"त्यांच्या माघारी शिवले तर उद्या म्हणतील, कंपनीनं माल लंपास केला. प्रत्यक्ष उपस्थिती पाहिजे, गुलाबराव. मीच लिहिलंय ते."

"मंग आता खोडा."

"एकट्यानं कसं खोडणार? खोडायलाही ते हवेत."

गुलाबनं कपाळाला हात लावला. दूर कुठंतरी गडगडलं. तो तसाच वळला आणि गावाकडं निघाला.

नानाजींच्या बायको अन्नपूर्णाबाई ओसरीवर आंब्याच्या फोडींना मीठ लावत होत्या. मुन्शी झाल्यापासून गुलाबला ओट्यावर बसायची मुभा होती. पूर्वी तो अंगणात उभा राहायचा. बसायला वेळ नव्हताच. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं.

"मालकीनबाई, नानाजी काई सांगून गेले का? पानी आलं तं काय कराचं ते?"

"सोयरीक जमली नाई तं रात्रभर तिथंच भांडत बसीन, एवढं सांगून गेले," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "अडलं काय म्हन्तं तुहं?"

"थे पाह्यजेत. समोर. साहेब म्हन्ते, थ्यांच्याबिगर शिवता येत नाई."

बाईंनी हात पदराला पुसले. आभाळाकडं पाहिलं, गुलाबकडं पाहिलं. मग कमरेची चंची सोडली आणि आतून एक सुपारी काढली.

"हे घे. हे तुहे नानाजी."

गुलाब नुसता पाहत राहिला.

"काऊन पाह्यतं असा? मी मायेरी गेली का घरात पूजा निघते. मंग हे कमरेले सुपारी खोचून पाटावर बसते. सुपारी म्हंजे मी. कवा कोन्या भटानं म्हनलं का बायको हजर नाई म्हनून? मंग बायकोची सुपारी चालते, तं नवऱ्याची काऊन चालनार नाई?"

"पन बाई, मी आता हे मानत नाई. आमी दीक्षा घेतली."

"तुले कोन म्हन्ते मानजो म्हनून? मानाचं थे त्या साहेबानं मानाचं. तू फक्त घेऊन जाजो. आन हे राग राग करतीन तं सांगजो, अन्नपूर्णानं देल्ली म्हनून."

तिनं सुपारी त्याच्या तळहातावर ठेवली. ठेवली, वरून सोडली नाही. गुलाबच्या ते ध्यानात आलं, पण आभाळ वाजत होतं म्हणून तो त्यावर थांबला नाही.

फडावर गुलाबनं बाईंचं म्हणणं सांगितलं. श्रीनिवासनं सुपारी पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते हळूहळू मावळलं. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर अशा सुपाऱ्या कमरेला खोचलेले यजमान पाटावर बसवले होते. सुपारीनं माणूस हजर होत नाही असं म्हणायचं, तर वडिलांच्या निम्म्या पूजा बाद होत होत्या.

"उपस्थिती झाली, हे मला मान्य करावं लागेल," तो अवघडून म्हणाला. "पण संमती? सुपारी हो म्हणाली, हे कशावरून?"

"पूजेत कवा सुपारी नाई म्हन्ते का जी?" सुलोचनानं मागून विचारलं. तिच्या हातात सुई आणि सुतळी आधीच होती.

"नाही," श्रीनिवास म्हणाला. "तसं कधी ऐकलं नाही."

मग कोणी थांबलं नाही. पितळी वाटीत सुपारी ठेवून वाटी खाटेवर ठेवली. मोहल्ल्यातून बायामाणसं धावत आली. पुडे गोळा झाले, बोऱ्यांत दाबले गेले, सुतळ्या चालल्या. श्रीनिवासनं छत्री बाजूला ठेवून शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बोऱ्यांची तोंडं धरली. दर बोऱ्याला तो खाटेकडं पाहून म्हणे, "नानाजी, पाहता ना?" आणि बाया हसून हसून बेजार. दिवे लागायच्या सुमाराला शेवटचा बोरा शिवून झाला. सगळे अंग टाकून बसले, तोंडं वर करून.

वारा सुटला. धुळीचा एक लोट आला. मोहाची चार पानं गळली. मग टपोरे थेंब पडले, मोजून पोरं खेळतील एवढेच. आणि आभाळ तसंच्या तसं हिंगणघाटच्या अंगाला सरकून गेलं. वर चांदण्या दिसायला लागल्या.

सुलोचना उठताना म्हणाली, "नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, आन इथं सुपारी बसवून आले."

"मी नाई बसवली," गुलाब म्हणाला. "थ्यांची पाती, थ्यांची सुपारी. मी जवळ उभा होतो."

"थेच म्हन्तो मी. जवळ उभा राह्यनाराचंच नाव होते."

सकाळी गुलाबनं पहिल्याच बोऱ्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. बोरा गरम होता, तापलेल्या पोराच्या कपाळासारखा. अर्धवट ओलं पान दाबून भरलं की आत उकडतं, मग काळं पडतं. आता भरलेला माल पुन्हा उघडायचा, तर तेही दोघांच्या समोरच. त्याला वाटलं होतं पाऊस येईल. आभाळ त्यानं वाचलं होतं आणि चुकीचं वाचलं होतं. साहेबानं नुसतं ऐकलं होतं. मुन्शी म्हणून आजचा दिवस शेवटचा, हे त्यानं मनाशी धरलं आणि बोऱ्यांशेजारी उभा राहिला. खुर्ची त्यानं आपल्या हातानं उचलून मोहाला टेकवून ठेवली.

ऊन चढत असताना नानाजींची बंडी आली. सोयरीक जमली होती, त्यामुळे अंगावर नवा शेला होता. उतरले आणि जागच्या जागी थांबले. काल ओळीनं पसरलेला फड आज बोऱ्यांनी उभा होता.

"हे कोनं शिवलं?"

"सर्वानुमते शिवलं," श्रीनिवास म्हणाला.

"सर्व म्हंजे कोन? मी तं पुलगावले होतो."

"आपण हजर होतात." श्रीनिवासनं खाटेवरच्या वाटीकडं बोट केलं.

नानाजींनी वाटीत वाकून पाहिलं. मग त्यांनी एका बोऱ्याला हात लावला आणि त्यांचा चेहरा बोऱ्यापेक्षा जास्त तापला.

"मी पुलगावात जेवून राह्यलो, आन इथं माही सुपारी माल जाळून राह्यली? मुन्शी, कोनं सुचवलं हे?"

"बोरे भरा मीच म्हनलो, जी," गुलाब म्हणाला. "पानी येनार वाटलं मले. माहं चुकलं."

नानाजींनी श्रीनिवासकडं पाहिलं. श्रीनिवासनं नानाजींकडं पाहिलं. पाडव्यापासून पहिल्यांदाच दोघांचं एका गोष्टीवर एकमत व्हायला आलं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे गुलाब. मुन्शी चुकला म्हटलं की कंपनीची चूक नाही, नानाजींची नाही. बांबू जिथल्या तिथं. गुलाबला ते दोघांच्या डोळ्यांत दिसलं. श्रीनिवासनं काल काटा रुतलेला पाय उगीच चोळला.

"मी पण आभाळ पाहिलं होतं," तो शेवटी म्हणाला. "कंपनी हजर होती आणि कंपनी हो म्हणाली. ते मी खोटं करणार नाही."

"मंग मी एकटाच उरलो," नानाजी म्हणाले. "माहा भरवसा—"

"शब्द पुरा करू नका," मागून आवाज आला. अन्नपूर्णाबाई डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन फडावर आल्या होत्या. नवरा घरी न येता थेट इकडं वळला हे त्यांनी वेशीतच पाहिलं होतं. "मुन्शीनं सुपारी आनली, पन देल्ली मी. काढाचं असन तं मले काढा पातीतून."

"तू पातीत कवा होती?"

"मी पूजेत तरी कवा होती? माही सुपारी कमरेले लावून आजवरी सत्यनारायन केले, बैल घेतले, घराची भिंत बांधली. मले इचारलं का एकदातरी? काई बिघडलं तं म्हन्ले का, सुपारीनं केलं म्हनून? दोघायचं मिळून झालं, असंच म्हन्ले. आता तुमची सुपारी बसली तं इतकं झोंबते?"

बाया पुडे घेऊन जंगलातून परत येत होत्या. पहिल्या दोघी फडाच्या कडेला येऊन थांबल्या. त्यांच्यासमोर भागीदारांनी भांडायचं नाही अशी नानाजींचीच अट होती. नानाजींना ती आठवली. ते खाटेवर बसले, भाकरीची टोपली मांडीवर घेतली आणि कांद्यासंगं भाकरी चावू लागले. कांदा संपला तेव्हा ते म्हणाले,

"पुलगावलेई आभाळ आलतं. मी थ्या पाव्हन्याले म्हनलो का आमचा पत्ता आज गेला. मी असतो तं मीबी शिवलंच असतं." मग गुलाबकडं पाहिलं. "पन पुडा कानाशी धरून पाह्यला होता का? एका उन्हाचा तरी कमी असन."

"पाह्यला होता जी."

"तरी शिवला?"

"भिजलेला वाळत नाई. उकडलेला वाळते. असं वाटलं."

नानाजी हसले नाहीत, पण भाकरी चावणं थांबलं. "हा माहा बाप म्हने तसं बोलून राह्यला, साहेब."

"मग उघडू या?" श्रीनिवासनं विचारलं. "प्रत्यक्ष आहात, तोवर."

"उघडा. पन आधी हा भागीदार मोकळा करा." नानाजींनी खिशातून अडकित्ता काढला, वाटीतली सुपारी उचलली आणि कातरून तिच्या खांडोळ्या सगळ्यांच्या हातावर ठेवल्या. श्रीनिवासच्या, अन्नपूर्णाबाईंच्या, सुलोचनाच्या, गुलाबच्या. गुलाबनं ती तोंडात टाकली. ही तर नुसती खायची सुपारी, त्याला काही हरकत नव्हती.

"आता नवा कानून," नानाजी तोंडातल्या तोंडात म्हणाले. "मी गावात नसलो का माह्या जागी ही बसन. अन्नपूर्णा. प्रत्यक्ष. लिहा साहेब."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?" श्रीनिवासनं विचारलं.

"हे नाई म्हन्ते, हेच तं पाह्यजे. सुपारी नाई म्हनत नाई, म्हनून माल उकडला."

अन्नपूर्णाबाईंनी टोपली उचलली. "मृगापर्यंतच ना? त्याच्यानंतर मले पेरनीची कामं हायेत."

"मृगापर्यंतच."

"मंग बसतो."

बोऱ्यांच्या शिवणी उसवल्या गेल्या. वरचे पुडे मऊ पडले होते, मधले थोडे काळवंडले होते, पण बहुतेक माल ठीक होता. ऊन मिळालं की सुधारण्यासारखा. काळे पडलेले बाजूला काढले. त्यांचा तोटा कोणाच्या वाट्याला, यावर नानाजी आणि श्रीनिवास हळू आवाजात भांडले, बायांकडं पाठ करून. दोघांनी निम्मा निम्मा घेतला आणि निम्म्यात आपण फसलो असं दोघांनाही वाटलं.

गुलाबची खुर्ची मोहाला टेकलेलीच होती. नानाजी जाताना ती उचलून जागेवर ठेवायला सांगून गेले, दुसऱ्या कोणाला नाही, श्रीनिवासला. श्रीनिवासनं ती ठेवली. गुलाब तिच्यावर बसला नाही.

ऊन कडक झालं होतं. आजचे पुडे घेऊन बाया रांगेत उभ्या होत्या. पहिली होती मनकर्णाबाई, डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून धापा टाकत.

"लवकर घे मुन्शी, पोरगी घरी हाय."

गुलाबनं तिचा पुडा हातात घेतला. "मनकर्णाबाई, वाक ढिला बांधला तुमी. सुकला का पानं गळतीन."

"तुह्या मायनं शिकवला तसाच बांधला."

"माय बांधे थो तुटत नसे. हे पाहा, असा दोन वेढे मारून." त्यानं पुडा सोडला, पानं सारखी केली, वाक दातात धरून घट्ट ओढला आणि गाठ मारून तिच्या हातात दिला. "बाकीचे असेच करून द्या. मी थांबतो."

ती सावलीत बसून पुडे बांधू लागली. मागं सुलोचना उकडलेले पुडे ओळीनं मांडत होती. गुलाब वाकला आणि दुसऱ्या टोकाकडून मांडू लागला, पुड्याचं बांधलेलं तोंड खाली, पान वर, दोन बोटांचं अंतर सोडून.